दोन वर्षं एकही नांगर खपला नाही, मग लक्ष्मणराव किर्लोस्करांचा धंदा वाढला कसा?

पोलादपूरहून कुडपणला जायचं तर डोंगर चढत जावं लागतं. रायगड जिल्ह्याच्या टोकाला, प्रतापगडाच्या बाजूच्या डोंगररांगेत हे गाव आहे. पाऊस धो धो पडतो, धबधबे बघायला पर्यटक येतात आणि पाऊस ओसरला की गर्दीही ओसरते. समजा, इथल्या एखाद्या तरुणाने ठरवलं की मुंबईला नोकरी शोधत फिरण्यापेक्षा गावातच राहायचं, पर्यटकांच्या जेवणाखाण्याची सोय करायची आणि हाच धंदा वाढवायचा. तर त्याला पहिला सल्ला काय मिळेल? बाबा रे, आडगाव आहे. भांडवल नाही, शिकलेली माणसं नाहीत, गिऱ्हाईक चार महिन्यांचं. आधी हे सगळं जमव, मग धंद्याचं बोल.

आता हीच यादी घेऊन १९१० सालात जाऊ. सह्याद्रीच्या पलीकडे, आजच्या सांगली जिल्ह्यात, कुंडल रोड नावाच्या रेल्वे स्टेशनजवळ एक माळरान होतं. निवडुंग, दगड आणि साप, एवढंच तिथलं वैभव. जवळ बाजारपेठ नाही, कारागीर मिळण्याची शक्यता नाही. चाळिशी गाठलेला एक माणूस पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन तिथे उतरला. हौस म्हणून नाही, तर आधीच्या शहरातून कारखाना हलवायला लागला म्हणून.

त्या माणसाचं नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. पंप, इंजिन, मोटार यांवर आज जे नाव दिसतं, ते त्यांचंच. पण त्यांची गोष्ट फक्त यशाची म्हणून सांगितली, तर त्यातला महत्त्वाचा प्रश्न सुटून जातो. धंदा सुरू बरेच जण करतात. तो वाढतो कशामुळे?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे, त्यामुळे किर्लोस्कर म्हटलं की अनेकांना आधी नाटक आठवतं. लक्ष्मणरावांचे वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं मन मात्र शाळेत रमत नव्हतं. चित्रं काढायची आणि यंत्रं न्याहाळत बसायची, यातच त्याचा जीव. १८८५ मध्ये ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोनेक वर्षांत लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. अंशतः रंगांधळेपणा होता. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच संपलं.

पण यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. लक्ष्मणरावांनी यांत्रिक ड्रॉइंग चालू ठेवलं आणि नव्यानेच सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिकवायला लागले. शिकवता शिकवता तिथल्या वर्कशॉपमध्ये स्वतः शिकले. कामाची वेळ संपली की यंत्रांच्या दुरुस्तीची कामं घ्यायचे. अमेरिकेहून येणारी यंत्रविद्येची मासिकं वाचायचे. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती, पण बिघडलेलं यंत्र समोर आलं की ते का बिघडलं हे शोधायची सवय याच काळात लागली.

त्याच मुंबईत त्यांनी एक माणूस सायकलवरून जाताना पाहिला. तेव्हा सायकल ही नवलाईची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवायचे आणि तिथे थोरले बंधू रामूअण्णा त्या विकायचे. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ ची मानतो, ती या सायकलच्या धंद्यापासून. एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपये होती. त्या काळात हा आकडा ऐकूनच माणूस मागे सरकेल. शिवाय ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला सायकल चालवता येत नाही, ही वेगळी अडचण. मग किर्लोस्कर बंधू सायकल चालवायलाही शिकवायचे. त्याची फी होती १५ रुपये.

ही १५ रुपयांची शिकवणी वाचताना गंमत वाटते, पण पुढे जे काही घडलं त्याचं बीज तिथे आहे. गिऱ्हाईक आणि वस्तू यांच्या मध्ये काय अडलंय ते बघायचं आणि तो अडसर काढणं हाही धंद्याचाच भाग मानायचा. सायकलच्या बाबतीत अडसर तोल सांभाळण्याचा होता. नांगराच्या बाबतीत तो भीतीचा निघाला. त्यावर १५ रुपयांची फी लावून भागणार नव्हतं.

मुंबईची नोकरी सुटली ती बढतीवरून. बढती मिळायची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. एतद्देशीय माणसाला यंत्र कळतं हे मान्य करायला तेव्हाची व्यवस्था तयार नव्हती. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बेळगावला आले. सायकलचं दुकान होतंच, त्याच्या जोडीला छोटं वर्कशॉप सुरू झालं.

पहिला नाव घेण्यासारखा माल होता कडबा कापायचं यंत्र. अख्खी पेंढी जनावरापुढे टाकली तर ते पानं खातं आणि बुडखे तुडवतं. बारीक कुट्टी केली तर वाया जात नाही. हे शेतकऱ्याला पटवून द्यायला वेळ लागला नाही, कारण फायदा गोठ्यातच दिसत होता.

नांगराचं तसं नव्हतं. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवायला घेतला. देशावरच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंद्यासारखी तणं खोल मुळं धरतात. लाकडी नांगर तिथे पुरेसा खोल जात नाही, आणि न्यायचाच म्हटलं तर बैलांच्या जोड्यांवर जोड्या जुंपाव्या लागतात. इंग्लंडहून लोखंडी नांगर यायचे, पण ते महाग, आणि फाळ मोडला तर बदली फाळ कुठून आणायचा हा प्रश्न. म्हणजे गरज होती, जमीन होती, परदेशी मालाला पर्याय हवा होता. कागदावर सगळं जुळत होतं.

आणि नांगर खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लोखंडी फाळ काळ्या आईच्या पोटात खोल घालायचा ही कल्पनाच अनेकांना नको होती. तयार नांगर जवळजवळ दोन वर्षं पडून राहिले. लहान वर्कशॉपचा पैसा लोखंडात अडकून पडणं म्हणजे काय, हे धंदा करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आज आपण शेतकऱ्यांच्या त्या समजुतीला हसून मोकळे होतो. पण शेतकऱ्याच्या बाजूने बघा. नांगर फसला तर नुसते नांगराचे पैसे जात नाहीत, अख्खा हंगाम जातो. ज्याला वर्षातून एकदाच डाव मिळतो, तो नव्या वस्तूवर सहज विश्वास ठेवत नाही. त्यात नांगर ही दुकानात बघून घेण्याची वस्तू नाही. ती शेजाऱ्याच्या शेतात चालताना दिसली पाहिजे, त्या शेतात पीक आलेलं दिसलं पाहिजे, तेव्हा कुठे मन वळतं. हळूहळू काहींनी नांगर घेऊन पाहिला, जमीन विषारी झाली नाही हे दिसलं आणि मागणी सुरू झाली.

विक्री सुरू झाली म्हणून काम संपलं नाही. बिडाचा फाळ मऊ राहिला तर लगेच झिजतो, फार कडक झाला तर दगड लागताच तुटतो. ओतकाम करताना रस किती लवकर थंड होतो यावर हा कडकपणा ठरतो, त्यामुळे साचा, लोखंडाचा मेळ आणि तापमान यांचे प्रयोग करत बसावं लागतं. इथे लक्ष्मणरावांची मासिकं वाचण्याची आणि बिघाड शोधण्याची सवय कामी आली. शिवाय विक्रेता आणि बनवणारा एकच असल्याने शेतातली तक्रार थेट भट्टीपर्यंत पोचायची. समुद्रापलीकडून येणाऱ्या नांगराला ही सोय नव्हती.

(कुडपणसारख्या डोंगराळ गावाला मात्र हा नांगर घेऊन काय उपयोग झाला असता, हा प्रश्नच आहे. उतारावरची भाताची छोटी खाचरं आणि नाचणी-वरीची दळी यांना हलकी अवजारं लागतात. लक्ष्मणरावांचा नांगर देशावरच्या जमिनीसाठी होता आणि तिथेच तो चालला. एकच वस्तू सगळ्या महाराष्ट्राला विकायला निघालेल्यांनी हे ध्यानात घ्यावं.)

धंदा जरा सावरतोय तोवर बेळगाव नगरपालिकेचा निर्णय आला. नव्या वस्तीसाठी जागा हवी होती, त्यामुळे कारखाना तिथून हलवा. चालता कारखाना उचलायचा कुठे आणि कशाच्या जोरावर?

इथे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी गोष्टीत येतात. स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि पुढे आपल्या संस्थानात लोकांच्या हाती कारभार देणारे म्हणून ओळखले गेलेले राजे. औंधच्या बांधकामाचं काम लक्ष्मणरावांकडे आलं होतं, त्यातून ओळख घट्ट झाली होती. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि १०,००० रुपयांचं कर्ज दिलं. मार्च १९१० मध्ये मुक्काम हलला.

उद्योजकांच्या गोष्टी सांगताना आपण हा भाग घाईने उरकतो, कारण एकट्याने जग जिंकलं असं सांगायला बरं वाटतं. पण ती जमीन आणि ते कर्ज नसतं तर किर्लोस्करांचा नांगर बेळगावातच थांबला असता. राजापर्यंत पोचण्याची वाट त्या काळी प्रत्येकाला मोकळी नव्हती, हेही खरं. शिकलेल्या ब्राह्मण घरातल्या माणसाला ती तुलनेने सोपी होती. दुसऱ्या बाजूने, संस्थानालाही उद्योग हवे होते. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला तोही याच औंधच्या हद्दीत. कंदिलामुळे घराघरांत पोचलेलं प्रभाकर हे नाव त्यांचंच. एका छोट्या संस्थानातून असे दोन उद्योग वर यावेत हा योगायोग वाटत नाही.

माळावर सगळं शून्यातून होतं. त्याच सुमारास तिकडे जमशेटपूरला टाटांचं पोलादनगर उभं राहत होतं, पण तिथे मोठं भांडवल होतं. इथे घरं, रस्ते, पाणी यांची आखणी रामूअण्णांनी अंगावर घेतली. शंभूराव जांभेकर यंत्रांची देखभाल बघायचे आणि वेळप्रसंगी आजाऱ्यांना औषधही द्यायचे. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळायचे. मॅट्रिक नापास के. के. कुलकर्णी व्यवस्थापनापासून पडेल ते काम करायचे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर यंत्रांच्या कल्पना लढवायचे. आजच्या एखाद्या कंपनीत यातले निम्मे लोक अर्जाच्या पहिल्या चाळणीतच बाहेर पडले असते.

लक्ष्मणरावांनाही पर्याय नव्हता, असं म्हणता येईल. निवडुंगाच्या माळावर पदवीधर कोण येणार? पण अडचणीपोटी घेतलेल्या माणसांवर खरोखर जबाबदारी टाकणं ही वेगळी गोष्ट, आणि ती त्यांनी केली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी रखवालीचं काम दिलं. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता. १९१० च्या दशकात, ग्रामीण महाराष्ट्रात, ही साधी गोष्ट नव्हती.

इथे थोडं थांबून एका अभ्यासक बाईंचं नाव घ्यायला हवं. एडिथ पेनरोझ यांनी १९५९ मध्ये कंपन्या कशा वाढतात यावर एक पुस्तक लिहिलं, जे आजही व्यवस्थापनाच्या अभ्यासात वाचलं जातं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कंपनी बाहेरच्या मागणीमुळे वाढतेच, पण तिला आतूनही रेटा असतो. एखादं काम करता करता माणसं ते शिकतात, मग त्यांचा काही वेळ आणि अनुभव शिल्लक राहतो, आणि ती शिल्लक नव्या कामाला लावली की कंपनी वाढते. वाढीचा वेगही त्यावरच ठरतो. पैसा आज उभा करता येतो, एकमेकांच्या सवयीची झालेली माणसं एका रात्रीत मिळत नाहीत. पेनरोझ यांनी हे लिहिलं तेव्हा लक्ष्मणराव हयात नव्हते, पण किर्लोस्करवाडी डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्यासारखं हे वाटतं.

कारण वाडीत नेमकं तेच घडत गेलं. नांगरासाठी ओतशाळा उभी राहिली. ओतशाळा चालवता येऊ लागली की तिच्यात फक्त नांगरच का ओतायचे? उसाचा रस काढायचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं आली. गिऱ्हाईक तेच, शेतकरी. विक्रेते तेच, विश्वासाचं नाव तेच. प्रत्येक नव्या मालासाठी अनोळखी बाजारात उडी मारावी लागली नाही.

पहिलं महायुद्ध आलं तेव्हा परदेशी मालाची आवक आटली. स्पर्धा कमी झाली, पण लोखंड, कोळसा आणि रंग यांचीही टंचाई झाली. मागणी आहे आणि कच्चा माल नाही, हा तसा क्रूर विनोद. तरी त्या काळात देशी नांगराचं नाव पक्कं झालं. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. घरच्या आणि ओळखीच्या पैशावर चालणारा कारखाना आता भागधारकांचाही झाला.

त्याच १९२० सालात आणखी एक गोष्ट घडली, जिचा ताळेबंदात उल्लेख सापडणार नाही. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव चित्रकार होते. पुढे शंवाकि या नावाने ते ओळखले गेले. त्यांनी किर्लोस्कर खबर नावाचं छोटं नियतकालिक काढलं. सुरुवातीचा हेतू साधा होता, कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवणं. पण निव्वळ जाहिरात कोण वाचणार? मग उद्योग, शेती, विज्ञान, समाजसुधारणा असे विषय येत गेले आणि खबरचं किर्लोस्कर मासिक झालं. १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही मासिकं निघाली. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या ज्या मासिकांवर वाढल्या, त्यांचा जन्म एका नांगराच्या कारखान्यात झाला होता. सायकलची शिकवणी इथवर येऊन पोचली होती.

१९२६ मध्ये थोरला मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून इंजिनिअर होऊन परतला. रंगांधळेपणामुळे चित्रकला सुटलेल्या बापाने मुलाला जगातल्या उत्तम तंत्रशाळेत धाडलं होतं. त्याच साली किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार व्हायला लागले. नांगराने जमीन खोल नांगरली, आता पिकाला पाणी हवं, असा हा सरळ हिशेब.

पण पंप एकटा चालत नाही. तो फिरवायला इंजिन लागतं किंवा विजेची मोटार. ही इंजिनं आणि मोटारी बनवायच्या तर लेथसारखी यंत्रं हवीत. पुढच्या वीस वर्षांत या साखळीतली एकेक कडी स्वतंत्र कंपनी झाली. १९४१ मध्ये हरिहरला यंत्रावजारांसाठी म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांसाठी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि त्याच वर्षी बंगळूरला मोटारींसाठी किर्लोस्कर इलेक्ट्रिक. बाहेरून बघणाऱ्याला हा पसारा वाटेल, पण प्रत्येक कारखाना आधीच्या कारखान्याच्या गरजेतून निघाला आहे. या टप्प्यावर सूत्रं शंतनुराव आणि पुढच्या पिढीकडे होती. लक्ष्मणरावांनी ती वेळेवर सोडली, हेही वाढीचं एक कारण मानायला हवं. संस्थापक खुर्ची सोडत नाही म्हणून खुंटलेले धंदे आजूबाजूला कमी नाहीत.

यशाची रेघ सरळ वर गेली असंही नाही. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं आणि दुकानं जाळली गेली, त्या आगीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या घरात होते. ज्या माणसाने वाडीत जातीचे नियम मोडले, त्याच्या वाडीची ओळख त्या दिवशी जातीनेच ठरली. कारखाना पुन्हा उभा राहिला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर कुंडल रोड नावाचं स्टेशन आता शोधून सापडत नाही. गाडी तिथेच थांबते, फक्त पाटीवर किर्लोस्करवाडी असं लिहिलेलं असतं.